कुस्तीला वैर विकत आणावे लागत नाही (धागा)

७ जानेवारी २०२०. पुण्याजवळचे बालेवाडी क्रीडासंकुल. ६३व्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेची अंतिम लढत. एका बाजूला नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवार यांचे पट्ठे. एकाच तालमीत घाम गाळलेले, एकमेकांचे डाव पाठ असलेले. सदगीरने ३-२ अशा गुणांनी लढत जिंकली आणि हरलेल्या शेळकेलाच खांद्यावर उचलून घेतले. नाशिकच्या वाट्याला आलेली महाराष्ट्र केसरीची ती पहिली गदा.

दूरचित्रवाणीच्या प्रचलित हिशेबात ही लढत म्हणजे तोट्याचा सौदा. दोन मल्लांत भांडण नाही, लढतीपूर्वी कोणी कोणाला धमकावले नाही, कोणाचा कोणावर जुना डूख नाही. कुस्ती पडद्यावर का चालत नाही, याचे उत्तर गेली कित्येक वर्षे एका वाक्यात दिले जाते: कुस्तीला कथानक लागते. प्रेक्षकाला नायक हवा, खलनायक हवा, आठवडाभर तापत ठेवलेला वाद हवा; नुसती लढत दाखवली तर बोट लगेच पुढच्या वाहिनीकडे जाते.

हे मत ऐकायला व्यवहारी वाटते. इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही, आणि ते खोडून काढण्यासाठी लागणारा निम्मा पुरावा नाशिक जिल्ह्यातच सापडतो.

नाशकात ‘आखाडा’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रथम सिंहस्थातले साधू येतात, लंगोट कसलेला मल्ल नंतर. तरीही मल्लविद्येचे दैवत याच परिसराशी जोडलेले आहे. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरचा अंजनेरी डोंगर हनुमंताचे जन्मस्थान मानला जातो. आगर टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली आणि तेथे मारुती स्थापला, असे परंपरा सांगते. ज्या मारुतीसमोर हात जोडल्याशिवाय पैलवान हौद्यात पाऊल टाकत नाही, त्याच्या दोन खुणा एका शहराच्या आसपास आहेत.

तिसरी खूण वणीच्या सप्तशृंगगडावरची, आणि कथानकवाद्यांच्या हाती लागली तर त्यांचा सर्वांत धारदार पुरावा ठरेल अशी.

आख्यायिका दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातली. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबाराला आव्हान दिले. दरबारात कोणी पुढे येईना. अखेर बाळंभट देवधर नावाच्या तरुण ब्राह्मणाने आव्हान स्वीकारले आणि तयारीसाठी काही दिवसांची मुदत मागितली. तो सप्तशृंगगडावर गेला, देवीची उपासना केली, आणि तेथे मारुतीने वानररूपात लाकडी खांबावर उड्या घेऊन त्याला नवे डाव दाखवले. बाळंभट परतला, अलीला त्याने अस्मान दाखवले, आणि गुलाब लढण्याआधीच निघून गेला.

आव्हान, अपमान, मुदत, वनवास, दैवी साहाय्य, पुनरागमन, विजय. पटकथेला आणखी काय हवे? मराठी कुस्तीच्या गाभ्यातच कथानक आहे, मग वाहिन्यांनी ते रचले तर बिघडले कुठे, असा प्रश्न कोणीही विचारू शकेल.

मात्र ही आख्यायिका पुन्हा एकदा सावकाश वाचावी. अली आणि गुलाब यांच्याविषयी तिला जवळजवळ काहीच सांगायचे नाही. ते दुष्ट होते असे ती म्हणत नाही. त्यांनी शिव्या दिल्या, कोणाचा तळतळाट घेतला, असे काही तिच्यात नाही. ते बलवान होते, एवढेच तिला पुरते. कथेचा सगळा भर तयारीवर आहे: त्या मुदतीत बाळंभटाने काय शिकले आणि कसे शिकले. आणि या कथेतून मागे उरले ते वैर नव्हे, मल्लखांब उरला. बाळंभटदादांच्या शिष्यपरंपरेने तो पुढे काशीपर्यंत नेला, आणि नाशिकच्या व्यायामशाळांत आजही पोरे त्याच खांबावर उलटी लटकतात. वानराचे दर्शन इतिहास म्हणून कोणी स्वीकारू नये. परंतु मल्लविद्येने स्वतःसाठी कोणत्या जातीची गोष्ट निवडली, हे त्यावरून कळते. ती गोष्ट मेहनतीची होती.

आता दुसऱ्या जातीच्या गोष्टीकडे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत आणि देशातल्या इतर शहरांत ‘फ्रीस्टाईल’ नावाच्या लढतींना तुफान गर्दी होत असे. दारासिंग आणि किंगकाँग ही नावे त्या काळातल्या घराघरांत पोहोचली होती. दारासिंग हे जातिवंत पैलवान होते, यात शंका नाही. पण त्या लढतींचा बाज निराळा होता: आरोळ्या, दोऱ्यांवरून फेकणे, भीमकाय परदेशी खलपुरुष. मराठी भाषेने त्या बाजाचा निकाल केव्हाच लावून टाकला आहे. दोन गटांत लाथाबुक्क्या झाल्या की मराठी वृत्तपत्रे आजही ‘फ्रीस्टाईल हाणामारी’ असा मथळा देतात. ऑलिम्पिकमधल्या एका शिस्तबद्ध कुस्तीप्रकाराचे नाव मराठीत दंगामस्तीचा पर्याय होऊन बसले. कथानकाच्या कुस्तीने खऱ्या कुस्तीला दिलेली ही देणगी.

आणि ठरवून लढलेल्या कुस्तीसाठी मराठीत जो शब्द रुळला, तोही पाहण्यासारखा आहे: ‘नुरा कुस्ती’. आज तो राजकारणात अधिक वापरला जातो, आणि तो कोणीही कौतुकाने वापरत नाही.

अमेरिकेतल्या पडद्यावरच्या कुस्तीला नावे ठेवण्याचे मात्र कारण नाही. तिने आपले सोंग स्वतःच कबूल केले आहे. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर त्या व्यवसायाच्या धुरीणांनी सांगितले की आमचे सामने म्हणजे करमणूक आहे, स्पर्धा नव्हे. म्हणून खेळांवरचे सरकारी नियंत्रण आणि त्याचा कर आम्हाला लागू करू नये. कर वाचवण्यासाठी का होईना, खरे बोलले गेले. ती एक प्रकारची नाट्यकला आहे, तिच्यात शारीरिक कौशल्य आहे, जोखीमही आहे. मराठी माणसाने तिच्याकडे वगनाट्यासारखे पाहावे आणि टाळी द्यावी.

पण त्या कलेला कथानक का लागते, याचे कारण तिच्या पोटात आहे. तेथे निकाल आधीच ठरलेला असतो. ‘कोण जिंकेल’ हा प्रश्न खरा नसल्यामुळे ‘का लढत आहेत’ हा प्रश्न फुगवावा लागतो. ज्या लढतीचा निकाल हौद्यात उतरलेल्या दोघांनाही ठाऊक नसतो, तिला या औषधाची गरज काय? रोग नसताना औषध घेतले की औषधच रोग होते.

हे तत्त्वाचे झाले. घटना पाहू.

१९१० साली गामा पैलवान लंडनला गेला. उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत प्रवेश मिळेना, तेव्हा त्याच्या वतीने जाहीर आव्हान देण्यात आले की कोणत्याही तीन मल्लांना तो अर्ध्या तासात पाडून दाखवील. म्हणजे जाहिरात होती. ती कुस्तीला परकी कधीच नव्हती. १० सप्टेंबरला गामासमोर पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को उभा राहिला. झिबिस्को बहुतेक वेळ गादीला चिकटून पालथा पडून राहिला आणि अडीच तासांहून अधिक काळ ती कुस्ती निकाली निघाली नाही. आठवड्याने पुन्हा लढायचे ठरले. त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही.

पुढे याच झिबिस्कोची अमेरिकेतली एक हकिकत कथानकवाद्यांनी अवश्य वाचावी. १९२५ सालापर्यंत तिकडची व्यावसायिक कुस्ती पटकथेवर चालू लागली होती. वेन मन नावाच्या, फुटबॉलमधून आणलेल्या धिप्पाड गड्याला आयोजकांनी जगज्जेता बनवले होते. त्याला कुस्ती फारशी येत नव्हती, पण गर्दी खेचण्याजोगा देह होता. फिलाडेल्फियात एप्रिल महिन्यात झिबिस्कोने त्याच्याकडून हरायचे, असे ठरले होते. प्रत्यक्षात पंचेचाळिशी उलटलेल्या झिबिस्कोने पटकथा बाजूला ठेवली आणि जगज्जेत्याला खरोखरच पुनःपुन्हा चीत केले. आयोजकांची सगळी बांधणी एका संध्याकाळी कोसळली, कारण खऱ्या मल्लापुढे कागदावरचा मल्ल उभा केला होता.

आणि जानेवारी १९२८. पतियाळा. महाराजांच्या आश्रयाने गामा आणि झिबिस्को यांची गाठ पुन्हा पडली. अठरा वर्षांपूर्वी अडीच तास न सुटलेली कुस्ती या वेळी एका मिनिटाच्या आत संपली. झिबिस्को चारी मुंड्या चीत. हजारो माणसे दूरवरून आली होती आणि त्यांच्या डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच निकाल लागला. कोणता पटकथाकार असा शेवट लिहील? अठरा वर्षे तापवलेले वैर पन्नास सेकंदांत संपवले, तर निर्माता त्याला नोकरीवरून काढून टाकील. त्या दिवशी तेथे जे घडले ते शंभर वर्षांनंतरही सांगितले जाते, ते ठरवून केलेले नव्हते म्हणूनच.

या धाग्यातला प्रश्न पडद्याचा आहे, मैदानाचा नाही, असा आक्षेप येथे येईल. योग्य आक्षेप आहे. पडद्यावर माणूस तिकीट काढून आलेला नसतो. त्याला थांबवून धरावे लागते. पण थांबवून धरण्याची विद्या म्हणजे भांडणे रचणे, हे कोणी ठरवले?

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, तेव्हा त्यांनी रोमचे प्राचीन कलोसियम पाहिले. परतल्यावर त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारायला घेतले आणि ते १९१२ साली खुले झाले. मध्ये हौदा आणि सभोवती चढत गेलेली बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मल्लाची पकड दिसावी, अशी रचना. कुस्तीला प्रेक्षक हवा असेल तर त्याला कुस्ती नीट दिसली पाहिजे, हे महाराजांनी ओळखले होते. आज तेच काम कॅमेऱ्याचे आहे. बहुसंख्य प्रक्षेपणांत तो कुठे असतो? मल्लांच्या पाठीमागे, पंचाच्या आड, नाहीतर व्यासपीठावरच्या मान्यवरांच्या सत्कारावर. एकेरी पट काढताना हात घोट्यावर गेला की गुडघ्यामागे, हे दिसतच नाही. न दिसणाऱ्या गोष्टीत रस कोण घेणार?

दिसण्याबरोबर कळणेही आले. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या ऑलिम्पिकमधून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. प्राचीन ऑलिम्पियात जो खेळ होता, तो आधुनिक ऑलिम्पिकच्या दारातून बाहेर काढला जाणार होता. त्या वेळचे नियम पाहिले तर प्रेक्षकाची कीव येते. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या; ज्याने दोन फेऱ्या घेतल्या तो विजेता, मग एकूण गुण हरलेल्याचे अधिक का असेनात. फ्रीस्टाईलमध्ये फेरी गुणाविना संपली तर पिशवीतून चेंडू काढायचा आणि ज्याच्या रंगाचा निघेल त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाय हातात द्यायचा! चिठ्ठी टाकून कुस्ती सोडवण्याचा हा प्रकार गावच्या जत्रेतल्या पंचांनी केला असता, तर लोकांनी त्यांना हौद्याबाहेर उभे राहू दिले नसते.

संकट आल्यावर जागतिक संघटनेने कथानक लिहिणारे नेमले नाहीत. तिने अध्यक्ष बदलला आणि नियम बदलले. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, गुणांची सरळ बेरीज, जो बचावात दडून राहील त्याला दंड. सप्टेंबर २०१३ मध्ये कुस्ती ऑलिम्पिकमध्ये परत आली. झिबिस्कोसारखे पालथे पडून राहण्याचा मार्ग तब्बल शतकानंतर अरुंद झाला.

देशी खेळांतले उदाहरण याहून बोलके आहे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा कबड्डी हा शाळेच्या मैदानावरचा, मातीत खेळायचा, शहरी घरांनी विसरलेला खेळ होता. त्या लीगने चढाईला तीस सेकंदांचे बंधन घातले, सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्या नाहीतर बाद व्हा असा नियम केला, कॅमेरे छतापासून रेषेपर्यंत नेले, आणि बोनस रेषा म्हणजे काय हे प्रेक्षकाला शिकवले. खेळाडूंना एकमेकांचे वैरी म्हणून उभे करावे लागले नाही. चढाईपटू एकटा सात जणांत शिरतो, यापेक्षा मोठे नाट्य कोणी लिहूही शकत नव्हते.

मग कुस्तीच्या लीग का रुजल्या नाहीत? २०१५ मध्ये प्रो रेसलिंग लीग आली. अधूनमधून खंड पडत चालली. २०१८ मध्ये झी टॉकीजने महाराष्ट्रापुरती कुस्ती दंगल भरवली. सहा संघ, नावांत मुंबई, पुणे, कोल्हापूर, सातारा, मराठवाडा आणि विदर्भ. मराठी चित्रसृष्टीतली प्रसिद्ध माणसे संघांशी जोडलेली. प्रयत्न प्रामाणिक होता, पैलवानांना पैसा मिळाला, त्याचे श्रेय द्यावे. पण गणित पाहा: कुस्तीला ओळखीचे चेहरे हवेत म्हणून चेहरे बाहेरून आणले, आणि नकाशातून उत्तर महाराष्ट्र गळाला. नाशिकच्या नावाचा संघच नव्हता. सव्वा वर्षात गदा नाशिकला गेली. ज्यांना गोष्ट हवी होती त्यांच्या नजरेतून गोष्टच सुटली होती.

आणि ती गोष्ट साधी नव्हती. सदगीर मूळचा अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा. कुस्तीचे प्रारंभीचे धडे त्याने नाशिकजवळच्या भगूरला बलकवडे व्यायामशाळेत घेतले. भगूर हे गाव इतिहासप्रेमींना सावरकरांचे जन्मगाव म्हणून ठाऊक असते. तेथे एक जागती तालीम आहे, हे किती जणांना ठाऊक असते? पुढे तो पुण्याला काका पवारांकडे गेला. त्याने गादी विभागात माजी महाराष्ट्र केसरी अभिजित कटके याला हरवले. शेळके माती विभागातून वर आला. गादीवरचा विजेता आणि मातीवरचा विजेता यांची गाठ अंतिम फेरीत पडते, हे या स्पर्धेचे वैशिष्ट्य. ती अंतिम लढत गादीवरच होते आणि त्यामुळे मातीतल्या मल्लावर अन्याय होतो की नाही, हा वाद गावोगावच्या पारांवर रंगतो. माती की गादी: एवढे मोठे कथानक स्पर्धेच्या रचनेतच आहे. त्यात परत एका तालमीचे दोघे समोरासमोर, एकाच वस्तादाचे दोन हात. यापेक्षा अधिक काय लिहायचे राहते? निवेदकाने एवढेच नीट सांगितले तरी पुष्कळ.

‘दंगल’ चित्रपटाचे उदाहरण या वादात हटकून दिले जाते. २०१६ साली त्याने अमाप गर्दी खेचली, म्हणजे कुस्तीला गोष्ट लागते, असे अनुमान. गर्दी चित्रपटाला झाली, हे खरे. पण चित्रपटाने काय केले तेही नोंदवावे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतली गीता फोगाटची अंतिम लढत पडद्यावर शेवटच्या क्षणापर्यंत लोंबकळत ठेवली आहे आणि वडिलांना खोलीत कोंडले आहे. वास्तवात गीताने ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला १-०, ७-० असे सहज हरवले. भारतीय स्त्रीमल्ल त्या व्यासपीठावर इतकी वरचढ होती, हे सत्य नाट्यासाठी झाकले गेले. पुढच्या पिढीला इतिहास म्हणून काय आठवते? कोंडलेला बाप. गीताच्या प्रत्यक्ष कुस्तीची लांबीरुंदी सांगू शकणारा प्रेक्षक त्या चित्रपटाने घडवला नाही.

इथवर प्रश्न अभिरुचीचा वाटेल. तो तेवढाच नाही.

रचलेल्या वैराला कच्चा माल लागतो. तो कुठून येतो? शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी पटकथाकारांनी तो वर्तमानपत्रांतून उचलला. युगोस्लाव्हियात जन्मलेल्या एका मल्लाला निकोलाय वोल्कॉफ या नावाने रशियन बनवून सोव्हिएत राष्ट्रगीत गायला लावले. इराणचा खरा कुस्तीगीर खोसरो वझिरी याला ‘आयर्न शेख’ या नावाने टोकदार बुटांत उभे करून प्रेक्षागृहाकडून शिव्या खाऊ घातल्या. माणूस मल्ल होता; त्याचा देश विकला गेला.

महाराष्ट्रात हा कच्चा माल शोधायला वर्तमानपत्रही उघडावे लागणार नाही. जात आहे, धर्म आहे, जिल्हा आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत एका टांग डावाला चार गुण द्यावेत की नाहीत, यावरून वाद झाला. प्रश्न तांत्रिक होता: मल्ल धोकादायक स्थितीत गेला होता की नव्हता. समाजमाध्यमांवर त्याला धर्माचा रंग देण्याचे प्रयत्न झाले. पंचाला धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. दोन्ही मल्ल सोलापूर जिल्ह्याचे. हे सर्व कोणत्याही पटकथाकाराच्या मदतीविना घडले. अशा रानात वाहिन्यांनी पगार देऊन वैर पेरायला माणसे बसवावीत, असे ज्यांना वाटते त्यांनी पुढच्या पिकाची जबाबदारीही घ्यावी.

तालमींनी हे विष आजवर बऱ्याच अंशी बाहेर ठेवले आहे. मारुतीच्या तसबिरीखाली मुसलमान वस्तादाच्या हाताखाली हिंदू पोरे आणि हिंदू वस्तादाच्या हाताखाली मुसलमान पोरे घडली, ती कोणाच्या भाषणामुळे नव्हे. लाल मातीत लोळल्यावर सगळे एकाच रंगाचे दिसतात म्हणून. फाळणीनंतरही पाकिस्तानचे सादिक पंजाबी यांच्यासारखे मल्ल कोल्हापूरकरांनी डोक्यावर घेतले. त्या काळी दोन देशांत युद्धाचे वातावरण असूनही हे झाले. आजच्या एखाद्या निर्मात्याला सादिक मिळाला असता, तर त्याच्या हाती त्याने काय दिले असते, याची कल्पना करवत नाही.

२०२५ सालच्या अहिल्यानगरच्या स्पर्धेचे काय, असे कोणी विचारील. शिवराज राक्षे याने पंचाला लाथ मारली, महेंद्र गायकवाड अंतिम लढत अर्धवट सोडून गेला, दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. आणि ती दृश्ये राज्यभर फिरली. पाहा, वादच लोकांना खेचतो! खेचले खरे. पण त्या वर्षी गदा जिंकणाऱ्या पृथ्वीराज मोहोळने कोणता डाव टाकला, हे त्या लाखो प्रेक्षकांपैकी किती जणांनी पाहिले? एक मल्ल आयुष्यभराच्या मेहनतीनंतर गदा उचलतो आणि त्याच्या वाट्याला बातमीचा तळाचा परिच्छेद येतो. पाठी टेकल्या की नाही, एवढाच मूळ प्रश्न होता. तो सुटायला चांगला कॅमेरा लागतो आणि निकाल पुन्हा तपासण्याची पद्धत लागते.

तेव्हा प्रेक्षकाला काहीच सांगायचे नाही, हौद्यात दोघांना सोडायचे आणि गप्प बसायचे, असे या धाग्याचे म्हणणे आहे का? मुळीच नाही. अनोळखी माणसांच्या झटापटीत कोणी रमत नाही. ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला विनेश फोगाटने जपानच्या युई सुसाकीला शेवटच्या काही सेकंदांत ३-२ असे हरवले. ज्यांनी नुसतेच पाहिले त्यांना आनंद झाला. ज्यांना ठाऊक होते की सुसाकी त्याआधी ८२ आंतरराष्ट्रीय लढतींत एकदाही हरलेली नव्हती आणि टोकियोत तिने एकही गुण न देता सुवर्ण घेतले होते, ते जागेवरून उठून उभे राहिले. फरक माहितीचा होता. ही माहिती देणे म्हणजेच लढतीची बांधणी. तिच्यात एक अक्षर खोटे घालावे लागत नाही.

आणि ही विद्या मराठी मुलखाला कोणी शिकवायला नको. नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही मोठ्या यात्रेची कुस्त्यांची दंगल आठवावी. ओझरचा खंडेराव असो की नैताळ्याचे मतोबा महाराज. दंगलीआधी कित्येक दिवस भिंतींवर पत्रके लागतात: पैलवानाचे नाव, गाव, तालीम, कोणाचा पट्ठा, इनाम किती. दंगलीच्या दिवशी आरंभ नारळावरच्या आणि रेवडीवरच्या कुस्त्यांनी होतो. सहा-सात वर्षांची पोरे मातीत लोळतात आणि गर्दी सैलावते. मग जोडी वाढत जातात, इनाम वाढत जाते, ऊन उतरत जाते. मल्ल हौद्याला फेरी मारतो, पंच त्याचा हात धरून वर करतात, जोड शोधली जाते. वजन काट्यावर नव्हे, नजरेने जोखले जाते. हलगीची लय बदलते. निवेदक सांगतो की हा अमक्याचा नातू, याच्या आजोबांनी याच मैदानात अमुक साली निकाली कुस्ती केली होती. मानाची कुस्ती शेवटी. सलामी झडते, मग खडाखडी, आणि त्या क्षणी हजार माणसांचा आवाज बंद होतो.

यात वैराचे एक वाक्य नाही. वंशावळ आहे, तालमीचा मान आहे, लहानापासून मोठ्याकडे चढत जाणारा क्रम आहे. निवेदकाला हे सर्व पाठ असते, कारण त्याने त्यासाठी आयुष्य घातलेले असते.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि नाशकात चित्रपट काढणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्णाची आणि सर्पाची झुंज पडद्यावर आणली, तेव्हा त्यांना पटकथा लागली, कारण सर्प खोटा होता. भगूरच्या तालमीत आज पहाटे जोर मारणारे पोर खरे आहे. त्याचे नाव, त्याच्या वस्तादाचे नाव, त्याने मागच्या वर्षी कोणाकडून मार खाल्ला आणि तेव्हापासून कोणता डाव घोटला, एवढे लढतीपूर्वी अर्ध्या मिनिटात सांगता येते. मग कॅमेरा त्याच्या पायाच्या उंचीवर आणावा, आणि सहा मिनिटे निवेदकाने डावांची नावे घेण्यापलीकडे तोंड उघडू नये.